भिंतीवरची मंडई

तिनं विचारलं नाही म्हणून तू सांगितलं नाहीस, हे काही उत्तर झालं का, बा? तेव्हाबी मी हेच म्हटलं होतं अन् आजबी हेच म्हणतो. विचारायले माणसाले आधी शंका यावी लागते. मोठ्या मायले, तुझ्या वहिनीले, शंकाच नव्हती. ती आपल्या बैलांच्या कोठ्यात गव्हाणीले टेकून बसायची, समोरच्या भिंतीवर बाहेरची मंडई उलटी पडायची, पाय वर अन् डोकी खाली, अन् त्या उलट्या गर्दीत आपला मेलेला पोरगा फिरून राहिला असं तिले दिसायचं. ती बाहेरची जिवंत माणसं आहेत हे तुले माहीत होतं. मले माहीत होतं, मायले माहीत होतं. वहिनी, हा उजेडाचा खेळ आहे, एवढं म्हणायचं होतं. तू जमिनीच्या पोटात उतरून मँगनीज काढणारा माणूस. तुले एवढं बोलायची भीती काहून वाटली, हे मले अजून समजलं नाही.

मेल्यावर माणसाले काय आठवते अन् काय नाही, कोणाले माहीत. म्हणून पहिल्यापासून लिहितो. तू चिखल्याच्या खाणीतून दिवाळीच्या सुट्टीवर आला होतास. आपला धवळ्या आजारी होता, त्याच्या डोळ्यांले ऊन सहन होत नव्हतं, म्हणून तू कोठ्याचे सगळे झरोके तनसाच्या पेंढ्यांनी बुजवून टाकले होते. मी चहा घेऊन आत येतो तर तू बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा आहेस अन् मागच्या भिंतीकडं पाहून राहिलास. "दार लाव," म्हणतोस, "अन् बोलू नको." मले पहिले काहीच दिसत नाही. मग डोळे अंधारात बसतात अन् भिंतीवर काहीतरी हलते. एक बंडी आहे, चाकं वर. बैल छताले खूर लावून चालून राहिले. रस्त्यापलीकडची सिंदीची झाडं खाली लोंबत आहेत अन् सगळ्यांच्या खाली आभाळ, निळं, एखाद्या बोडीच्या पाण्यासारखं. आवाज मात्र बाहेरून रोजच्यासारखा सरळ येतो, चाकाचं कुरकुरणं अन् बंडी हाकणाऱ्याची शिवी. कानाले एक गाव अन् डोळ्यांले दुसरं.

रस्त्याकडच्या भिंतीत जू टांगायची खुंटी होती, ती निघून पडली होती. तिचं बोटभर भोक राहिलं होतं अन् त्यातून अख्खा रस्ता आत येत होता. तू त्यावर बोट ठेवलं, रस्ता गेला. बोट काढलं, रस्ता आला. मग तू हसलास. खाणीतून आल्यावर तू दोन-दोन दिवस बोलत नव्हतास, बा, नुसता घरापुढच्या सपरीत बसून काळं थुंकायचास. त्या दिवशी तू धवळ्याच्या मानेले मिठी मारून हसलास अन् मले म्हणालास, "पाहा बे, आपण आतमध्ये बसलो तरी दुनिया आपल्याले सोडत नाही."

मंडई चार दिवसांवर होती. दिवाळी झाली की आपल्याकडं गावोगावी पाळीपाळीनं मंडई भरते, लेकीबाळी येतात, पाहुणे येतात, दुपारी दंडारीचा नाच अन् रात्री नाटक. आपली मंडई कोठ्यासमोर, आखराच्या मोकळ्या जागेवर भरायची. तू त्या चार दिवसांत वेड्यासारखा कामाले लागलास. मागची भिंत पांढऱ्या मातीनं तीनदा पोतली. खाली गुडघाभर तनस पसरलं, पाय टाकला तर जमीन कुठं आहे ते कळू नये. दाराले आतून ओलं पोतं लावलं. मंडईच्या दुपारी, ऊन कलून सरळ गर्दीच्या तोंडावर आलं तेव्हा, तू एकेका माणसाले आत सोडू लागलास. पैसा घेत नव्हतास अन् सांगतबी काही नव्हतास. "बसा. डोळे बसू द्या," एवढंच.

पाटील बाहेर आला अन् पहिले आपलं धोतर जागेवर आहे का ते चाचपलं. गुरुजी म्हणाले, गावाची खरी दशा आज दिसली, सगळं उलटं. लोक हसत होते. एक नवी नवरी घाबरून तनसातच बसली, तिले तिच्या नणदांनी ओढून काढलं, अन् मग नणदाच आत जायले भांडू लागल्या. मी दारावर होतो अन् मले वाटत होतं की या गावात माझ्या बापासारखा माणूस नाही. हे मी तुले तेव्हा सांगितलं नाही. सांगायचं राहिलं.

मग मोठी माय आली. त्याच आषाढात तिचा पोरगा गेला होता. रोवणीसाठी धानाचे पऱ्हे खंदताना त्याच्या पायाले पान लागलं होतं. सापाचं नाव आपल्याकडं घेत नाही, पान लागलं म्हणते. साकोलीले न्यायले बंडी जुंपेपर्यंत तो गेला. तेव्हापासून ती कुठं बाहेर निघाली नव्हती. तुझ्याच आग्रहानं आली. आत जाऊन गव्हाणीले टेकली. मग तिचा आवाज आला. रडण्याचा नव्हता. शेतातून उशिरा आलेल्या माणसाले ताटावर बसवताना बाई बोलते, तसा होता. "आला का रे. किती उशीर."

मी पोतं बाजूले करून आत गेलो. ती भिंतीकडं पाहून बोलत होती. गर्दीत एक पिवळा सदरा हलत होता, सावकाश, थांबत थांबत. "पाय वर आहेत त्याचे," ती मले म्हणाली, जशी काही भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगते. "पोटातून येताना डोकं खाली असते. जातानाबी तसंच जात असंल." मग जवळ सरकली. "पाय पाहा त्याचे. डाग नाही एक."

मी बाहेर पळालो. पिवळा सदरा शोधला. लाखांदूरचा फुगेवाला होता तो, चहाच्या दुकानापाशी उभा राहून बशीतून चहा पीत होता. मी त्याच्या तोंडाकडं इतका पाहत राहिलो की त्यानं मले विचारलं, "फुगा पाहिजे का? मग पैसा आण. नुसता कायले पाहून राहिला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढं जेवायले बसलो होतो. मायनं बोडीतल्या झिंग्यांची भाजी केली होती.

"बा, तो फुगेवाला होता."

"हो."

"तुले माहीत होतं?"

"म्या त्याच्यापासून फुगा घेतला तुझ्या बहिणीसाठी. मले माहीत नसंल?"

"मग मोठ्या मायले सांग ना."

"ती विचारंल त्या दिवशी सांगीन."

"अन् विचारलंच नाही तं?"

माय म्हणाली, "जेव ना मुकाट्यानं. बापाले कोर्टात उभं केलं पोट्ट्यानं."

तू घास खाली ठेवलास. "तुझ्या पोटचा गेला का?" मी मान हलवली. "मग भाजी खा. थंडी होऊन राहिली."

त्यानंतर तू आपणहून त्या गोष्टीवर कधी बोलला नाहीस. पण प्रत्येक दिवाळीले सुट्टीवर आलास की पहिले भिंत पोतायचास. धवळ्या मेला, दुसरा बैल विकला, कोठ्यात गोवऱ्या अन् सरपण भरायची वेळ आली, तरी ती भिंत मोकळी. बाकी लोकांनी आत जाणं सोडलं. तिथं मेलेले येतात असं म्हणू लागले, अन् तू तेबी खोडून काढलं नाहीस. मोठी माय एकटीच यायची, लुगड्याच्या पदरात वडे बांधून. एका वर्षी पिवळा सदरा आलाच नाही. मग तिनं दुसरा माणूस धरला, पांढऱ्या टोपीचा. म्हणाली, "टोपी कोणी दिली रे तुले?" मी हे तुले सांगितलं अन् म्हटलं, पाहा, माणूसबी बदलला, आता तरी सांग. तू विडी पेटवलीस अन् म्हणालास, पोरं मोठी होतात.

या वाक्यावर मी खूप दिवस संतापलो होतो. अजूनही मले ते चोरट्याचं बोलणं वाटते.

मग तुझा खोकला वाढला, खाण सुटली अन् भादव्यात तूबी गेलास. त्या वर्षीच्या मंडईले मायनं भिंत पोतली, भोकातला चिंधीचा बोळा काढला अन् मोठ्या मायले आत बसवलं. मी म्हटलं, आता तरी बंद कर. माय म्हणाली, तुझ्या बापाचं एवढंच राहिलं आहे, बाकी धान तं किडे खातेत. मी त्या वर्षी घर सोडलं. कोठ्यामुळं सोडलं असं म्हणणं खोटं होईल. माझे पायच एका जागी टिकत नाहीत. दुर्गच्या हॉटेलात राहिलो, मग ट्रकवर किन्नर, म्हणजे क्लीनर, झालो, मग नागपूरच्या मंडपवाल्याकडं खांब गाडले, त्याच्याशी भांडलो अन् दिल्लीले आलो. इथं एक ठेकेदार आहे, प्रदर्शनांचे मांडव, लाकडी भिंती, रंगमंच, सगळं करते. चार वर्गांच्या शाळेवर जेवढं भेटते तेवढं भेटलं.

या थंडीत त्या ठेकेदारानं आमच्या टोळीले एका मॅडमच्या कामावर लावलं. ती चित्रकार आहे, पण चित्र काढत नाही. बाहेरदेशी राहून आली आहे. लवंग चघळते अन् कामाच्या जागेवर फरशीवरच झोपते. तिनं आमच्याकडून मोठ्या हॉलच्या आत, रस्त्याकडच्या काचेले लागून, प्लायवूडची एक खोली करून घेतली. आतून काळी, रस्त्यासमोरची एक भिंत तेवढी पांढरी. जमीन एका बाजूले जराशी उतरती, डोळ्यांले कळू नये पण पायांले कळावी इतकीच. मधात लोखंडी पलंग. वर लपवलेला स्पीकर, त्यातून झोपलेल्या माणसाचा श्वास. शेवटी ती पेन्सिल घेऊन रस्त्याकडच्या भिंतीपाशी गेली, एक गोल काढला अन् मले म्हणाली, इथं भोक पाड. माझ्या हातात ड्रिल होतं, बा. मी बराच वेळ ते चालूच केलं नाही.

आमच्या मुकादमानं तिले विचारलं, हे विकणार कोणाले? विकायचं नाही, ती म्हणाली, पंधरा दिवसांनी मोडायचं. "म्हणजे लग्नाच्या मांडवासारखंच," मुकादम म्हणाला, "नुसतं जेवण नाही." ती खूप हसली. तिनं आम्हांले बसवून सांगितलं, हिंदीत, मी आपल्या बोलीत लिहितो. माणसाच्या मनात एक मागची खोली असते. दिवसा आपण तिले कडी लावून ठेवतो. झोपेत ती कडी निघते. मी फक्त अंधार करते अन् जमीन तिरपी करते, कडी माणूस आपल्या हातानं काढते. मी मोठ्या हुशारीनं तिले म्हटलं, खाली तनस टाका, पाय फसतो, मजा येते. तिनं लगेच गवत आणवलं. पहिल्याच दिवशी येणारे लोक आत जाऊन शिंकू लागले अन् दुसऱ्या दिवशी ते सगळं मलेच झाडून काढावं लागलं.

दारावर मले ठेवलं. एका वेळी एक माणूस. बाहेर आला की मॅडम विचारते, काय दिसलं? कोणी म्हणते शाळा दिसली, कोणी म्हणते बहीण. एक जाडा शेठ म्हणाला, काही दिसलं नाही, पण सहा महिन्यांत अशी झोप लागली नव्हती. ती सगळ्यांचं तोंड पाहून ऐकते. कोणाले खोडत नाही. तेव्हा मले तुझा राग तिच्यावर आला.

त्याच दिवसांत आमच्या टोळीतला एकोडीचा गडी घरून परत आला. तो येताना आपल्या गावावरून आला होता. भटारखान्यात जेवताना म्हणाला, "तुझ्या मायनं मुरमुऱ्याचे लाडू दिले होते. इटारसीच्या पुढं टिकले नाहीत."

"तू टिकू दिले नाहीस."

"मी एकटाच होतो का डब्यात? बरं ऐक. माय विचारते, कोठा पाडायचा का ठेवायचा? रस्त्याकडची भिंत झुकली, छपराचे कवेलू गेले, येत्या पावसात बसंल म्हणे."

बाजूचा कानपूरवाला कोठा हा शब्द ऐकून हसायले लागला, त्यांच्याकडं त्याचा अर्थ वेगळा. "बैलाचा, बे," एकोडीवाला त्याले म्हणाला, "बैलाचा. तू जेव."

मग त्यानं मंडईची गोष्ट सांगितली. मोठी माय आता नीट चालत नाही, भिंतीले धरून सरकत येते. या वर्षीबी आली. आभाळ होतं, ऊन निघालंच नाही, भिंत दिवसभर कोरी. ती सांजेपर्यंत तिथं बसली. मायनं विचारलं, वहिनी, चला ना आता, काय दिसलं? तं म्हणे, "नाही आला. आज त्याले काम असंल."

"आता एक-दोन सालाची आहे बुढी," एकोडीवाला म्हणाला. "पाडून टाक. विटामातीचे पैसे येतील थोडे."

मीबी मनात तेच म्हटलं. तुझ्या भ्याडपणाचं घर एकदाचं पडू दे. तिले सांगणारा कोणी निघाला नाही, आता पाऊसच सांगंल. हे उत्तर मी मायले कळवणार होतो. आज कळवतो, उद्या कळवतो, असं करत राहिलो, अन् मधातच हे झालं.

दुपारी लोक कमी येतात. मी आत जाऊन पलंगाच्या काठावर बसतो. ऊन समोरच्या रस्त्यावर असते, अन् भिंतीवर स्कूटरी, झाडं, शेंगवाला, सगळं उलटं सरकत राहते. एका दुपारी त्या गर्दीतून एक माणूस आला. तो मान वाकवून चालत होता. खाणीतून आल्यावर तू तसा चालायचास, बा, मोकळ्या आभाळाखाली, जसं काही डोक्यावर अजून खडक आहे. आम्ही पोरं तुझ्या मागं तशीच मान वाकवून चालायचो अन् तू वळून पाहायचास. तो माणूस शेंगवाल्यापाशी थांबला. हात पाठीमागं नेऊन एका हातानं दुसऱ्या हाताचं कोपर धरलं. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. म्हणजे भोकाकडं. इतक्या लांबून ते भोक कोणाले दिसत नाही. वरून झोपलेल्या माणसाचा श्वास येऊन राहिला होता, अन् मले पहिल्यांदा वाटलं की त्या श्वासात कफ आहे.

मी बाहेर येऊन मॅडमले विचारलं, हे उलटं काहून दिसते? तिनं टाळलं नाही. खाली बसली, खडूनं फरशीवर झाड काढलं, भोक काढलं, रेघा ओढल्या. उजेड सरळच चालते, वरचा खाली जाते, खालचा वर जाते, बस. तिनं माझ्या हातातच खडू दिला अन् मले पुन्हा काढायले लावलं. मी बरोबर काढलं. जे तू मोठ्या मायले सांगितलं नाहीस ते सगळं मले कोणीतरी नीट, प्रेमानं, रेघा ओढून सांगितलं. अन् दुसऱ्या दिवशी दुपारी तू पुन्हा आलास. शेंगवाल्यापाशी थांबलास. कोपर धरलंस.

त्यानंतर रोज. एक दिवस ढग होते, तेव्हा नाही. त्या दिवशी मी भिंतीपुढं बसून काय म्हटलं ते लिहीत नाही.

तिले सांगून काय झालं असतं, हे आता मले माहीत आहे. तिनं मान हलवली असती अन् पुढच्या मंडईले वडे घेऊन आली असती. पण म्हणून तू बरोबर होतास असं मी म्हणत नाही. तू सांगितलं असतं तं निदान ती एकटी पडली नसती. माहीत असूनबी जाऊन बसणारे तुम्ही दोघं झाले असते. तू बाहेर उभा राहिलास, दारावर, विड्या पीत. अन् कधी कधी मले वाटते, लोक गेल्यावर तूबी आत जाऊन बसत असशील. कोणाले पाहत होतास, बा? हे मी तुले विचारलं नाही. विचारलं असतं तं तू सांगितलं असतं, तुझा नेमच तसा होता.

उद्या खोली मोडायची. पहिली फळी मीच काढणार, मुकादमानं सांगून ठेवलं आहे. आज दुपारी तू शेवटचा आलास. हॉलचं दार माझ्या हाताशी होतं, बाहेर शेंगवाला, रस्ता ओलांडला की झालं. कोण आहे तो, कोणत्या ऑफिसातला, कोणत्या गावचा, एका मिनिटात कळलं असतं. मी उठलो अन् पुन्हा बसलो. तू मान वाकवून निघून गेलास, छताच्या बाजूनं, तुझे पाय शेवटपर्यंत दिसत होते. बाहेर आलो तर मॅडमनं मलेबी विचारलं, जसं सगळ्यांले विचारते, काय दिसलं? मी म्हटलं, रस्ता.

हा कागद कुठं टाकायचा ते मले माहीत नाही, तर खिशातच राहील. मनीऑर्डरच्या फॉर्मावर खाली थोडी जागा असते, तिथं मायसाठी लिहिलं आहे की भिंतीले टेकू दे, कवेलू नवे घाल, अन् पांढरी माती विसरू नको. मोठ्या मायले काही सांगायचं नाही. दोनशे रुपये पाठवून राहिलो.